बंदूक कुणाच्या हाती द्यायची

माझे थोरले दीर बायकोला मारायचे. एवढं सांगितलं की माणूस कळला. भूकंपानंतर चाकूरकडच्या शेतात पत्र्याच्या शेडात त्यांचा संसार होता. सासरे वारले आणि रानडुकरांसाठी त्यांनी परवाना काढून ठेवलेली बंदूक ठाण्यात जमा झाली. दिरांनी ती स्वतःच्या नावावर मागितली. जाऊबाई मला म्हणाल्या, "मालकांच्या हाती ती आली, की मी गेले बघ."

मी तेव्हा नांदेडहून ताजी वकिली शिकून आलेली. काळ्या कोटाला इस्त्री एवढी कडक, की वाकून चप्पल घालता यायची नाही. अक्कल मात्र चुरगळलेली. नवरा लातुरात फिजिक्सच्या शिकवण्या घ्यायचा. "भावाच्या आड येऊ नको," म्हणाला. मग तर मी येणारच.

परवाना देणाऱ्या कलेक्टर साहेबांपुढं सुनावणी झाली. मी मारहाणीचं काढलं, तर साहेब म्हणाले, "गुन्हा दाखल आहे? शिक्षा झालीय? मग घरातली भांडणं इथं आणू नका, बाई."

वेड्याला परवाना देता येत नाही, हे मला पाठ होतं. दिलं ठोकून. "साहेब, यांच्या डोक्यावर परिणाम झालाय. भूकंपापासून घरात झोपत नाहीत, अंगणात बाज टाकतात!"

"मीही अंगणातच झोपतो," साहेब म्हणाले. "माझं पिस्तूल कुणाकडं जमा करू?"

सगळे खिदळले. निम्म्या जिल्ह्याला मी वेडं ठरवून बसले होते. दीर म्हणाले, "वकिलीणबाई, घरी जाऊन भाकरी थापा."

साहेबांनी जाऊबाईंना विचारलं, "तुमची हरकत?" दीर डोळे वटारून बघायले. जाऊबाईंनी पदर सारखा केला. "माझी न्हाई हरकत. द्या त्यास्नी. बंदूक घरी जाऊ द्या, मी इथंच राहते. इथं पोलीस तरी हाईत."

आणि खरंच फरशीवर मांडी घालून बसल्या. शिपायानं उठवलं, उठल्या नाहीत.

साहेबांनी अखेर अर्ज फेटाळला. कारण दिलं, सार्वजनिक शांततेला धोका. हे कलम माझ्याच पुस्तकात होतं, मला सुचलं नव्हतं.

त्या साली डुकरांनी ज्वारी लोळवली. दीर आमच्या दारात येऊन माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करून गेले. दिवाळीला जाऊबाई आल्या, तर पाठीवर वळ. मी पुन्हा कलमं सांगू लागले.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "काठीच हाय. काठीनं पडलेलं माणूस उठतंय."