शालूमागची भिंत

"घर में कहीं सीलन तो नहीं?" कंपू मोहल्ल्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं. ओल? माझ्या घरात? मी ठणकावून सांगितलं, "बिल्कुल नहीं."

बायको शेजारी खोकत बसली होती. तिला जुना आमवात आहे. शरीराची राखण करणारी ताकदच तिच्या सांध्यांवर उलटते, म्हणून ती ताकद दाबणाऱ्या गोळ्या चालू आहेत. महिनाभर ताप हटत नव्हता, बोटं सुजलेली, चार पावलांत दम लागायचा. आजार उसळला असेल तर गोळ्या वाढवायच्या. पण घरातली बुरशी छातीत जात असेल, तर त्याच वाढीव गोळ्या जिवावर बेततील, असं डॉक्टरांनी समजावलं. माझ्या 'नहीं'वर त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळपासून गोळ्या वाढवायला सांगितल्या.

आमच्या घराण्यातल्या दरबारी नोकऱ्या केव्हाच संपल्या, पण ऐट तेवढी शिल्लक आहे. गणपतीआधी पुढच्या खोलीच्या भिंतीला ओलीनं पोपडे सुटले होते. आरतीला ओळखीची सगळी मराठी घरं येतात. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत मी पोपडे खरवडले, डिस्टेंपर फासलं आणि वर तिच्या लग्नातला शालू ताणून बाप्पाची आरास केली. लोकांनी वाहवा केली. विसर्जन झालं तरी शालू तसाच राहिला, आणि हवेशीर खोली म्हणून तिचा पलंगही मी तिथेच लावला.

दवाखान्यातून आल्यावर तिची उशी सारखी करताना शालूला हात लागला. दमट होता. एक खिळा उपसला, कोपरा खाली आला. मागची भिंत छतापर्यंत बुरशीनं काळी, केसाळ झाली होती.

"बाहेर हो आधी!" मी ओरडलो.

ती दारात जाऊन थांबली. "वास तर मला कधीचा येत होता," ती म्हणाली. "पण डॉक्टरांसमोर तुमची बेइज्जती कशी करू?"

इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती. तिला घेऊन तसाच कंपूला परतलो. बाहेर बाकांवर पेशंट दाटीनं बसले होते, डॉक्टर दारातच भेटल्या. "मैडम, मैंने झूठ बोला था. घर में सीलन है, फफूंद है."

त्यांनी चिठ्ठीवरचा वाढीव डोस खोडला. बायको मागून माझा सदरा ओढत पुटपुटली, "अहो, हळू बोला ना, लोक ऐकतायत."

मी तेच पुन्हा, आणखी मोठ्यानं सांगितलं.