माईंचा वॉकर आणि मागचं दार

मी पोहोचले तेव्हा वॉकरला हार घातलेला होता. पुढच्या आडव्या नळीवर कुंकवाची बोटं ओढली होती आणि चाकांजवळ नारळाचं पाणी सांडलं होतं. मुलुंडच्या त्या तळमजल्यावरच्या बिऱ्हाडात अर्धी इमारत जमली होती. ज्यांच्यासाठी वॉकर आणला त्या माई अभ्यंकर कोपऱ्यातल्या खाटेवर बसून समारंभ बघत होत्या. त्यांना पेढा मिळाला होता. वॉकरजवळ जायला अजून मिळालं नव्हतं.

"या बाई," त्यांचे थोरले चिरंजीव दादा म्हणाले. "हे बघा, चारही चाकं गोल फिरतात, हवी तिकडे वळतात. एका बोटाने ढकलला तरी जातो."

त्यांनी एका बोटाने ढकलून दाखवला. वॉकर खोली ओलांडून समोरच्या कपाटावर आदळला. जमलेल्या मंडळींनी कौतुकाने माना डोलावल्या.

मी फिजिओथेरपिस्ट. पन्नासच्या दशकात हा शब्द कोणाच्या तोंडी बसला नव्हता. उपनगरातल्या आमच्या हॉस्पिटलात वॉर्डबॉयपासून सुपरिंटेंडेंटपर्यंत सगळे आमच्या खात्याला मालीशखातं म्हणत. मोडलेलं हाड डॉक्टर जोडतात. जोडलेल्या हाडावर माणसाला परत चालतं करायचं, ते आमचं काम. माईंचा खुबा मोडला होता. डॉ. करमळकरांनी आत खिळा बसवला होता. हाड छान धरलं होतं आणि एक्स-रे तर सुंदर होता. एक्स-रे चालू शकत असता तर माझी गरज नव्हती.

वॉकर म्हणजे तीन बाजूंनी बंद असलेली नळ्यांची चौकट. माणूस तिच्यात उभा राहतो, दोन्ही मुठी धरतो, तिच्यावर भार देतो आणि पाऊल टाकतो. लहान मुलांच्या पांगुळगाड्याचा हा मोठा भाऊ, असं मी शेजाऱ्यांना समजावून सांगितलं, तर दादांचा चेहरा उतरला.

"पांगुळगाडा काय म्हणता बाई? फॉरेनचा आहे."

"दुकानात चालवून कोणी बघितला?"

"मी बघितला. मग बाळने बघितला. दुकानदारानेही चालवून दाखवला."

"आणि माईंनी?"

"तिला कशाला एवढ्या लांब न्यायचं? तिला चालता येत नाही ना."

मी माईंना खाटेवरून उठवून वॉकरमध्ये उभं केलं. हात सरळ खाली सोडले की मनगट जिथे येतं, मूठ साधारण तेवढ्या उंचीवर हवी. म्हणजे धरल्यावर कोपर जरासं वाकतं आणि भार हातांवर घेता येतो. दादा चांगले उंचेपुरे. माई त्यांच्या खांद्याला लागत नव्हत्या. दादांच्या मापाने घेतलेल्या वॉकरच्या मुठी माईंच्या छातीशी आल्या आणि त्या एखाद्या सभेत भाषणाला उभ्या राहिल्यासारख्या दिसू लागल्या. त्यांनी भार दिला तेवढ्यात चाकं पुढे निघाली. मी कमरेला धरलं होतं म्हणून बरं.

माई परत खाटेवर बसल्या. "हा माझ्याशिवायसुद्धा जाईल," त्या म्हणाल्या.

शेजारी पेढे संपल्यावर गेले. मग मी विचारलं की माईंनी चालत कुठे कुठे जावं असं वाटतं. दादा म्हणाले, खोलीत फेऱ्या मारेल, खिडकीशी बसेल. बाळ, म्हणजे धाकटा, रेल्वेच्या मालखात्यात कारकून, म्हणाला, संध्याकाळी अंगणात येईल, चार माणसं दिसतील. दोघंही मनापासून बोलत होते. मी माईंकडे वळले.

"माई, तुम्हाला कुठे जायचंय?"

त्यांनी मुलांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मागं," त्या म्हणाल्या.

मागं म्हणजे मागच्या दारातून बाहेर, शहाबादी फरशीच्या चौकापलीकडे संडास होते तिथे. दोघं मुलगे एकदम खिडकीबाहेर काहीतरी बघू लागले.

मला सोडायला थोरल्या सूनबाई सुमतीवहिनी दारापर्यंत आल्या. हळूच म्हणाल्या, "त्या दुपारनंतर पाणी पीत नाहीत हो. खाटेवर भांडं मागायला लागतं म्हणून. रात्रीचं जेवणही टाकलंय. मी काही बोलत नाही, पण त्यांनाच मेल्याहून मेल्यासारखं होतं."

माईंचं वजन का उतरतंय हे हॉस्पिटलात कोणाला कळत नव्हतं. डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं होतं. बाटलीवर लिहिलं होतं, पाण्यातून घ्यावे.

डॉ. करमळकर आता इतक्या वर्षांनी, गेल्या महिन्यात वारले. शोकसभेत त्यांना द्रष्टे म्हणाले, तपस्वी म्हणाले, आणखीही बरंच म्हणाले. मी मागच्या रांगेत होते. ते द्रष्टे नव्हते. कॅटलॉगमधलं चित्र आवडलं की ते ती वस्तू रोग्याला लिहून देत. हा वॉकरही त्यांनीच सुचवला होता. पण चूक दाखवली की ते ऐकून घेत, आणि ज्यांनी भाषणं केली त्यांच्यापैकी कोणाबद्दल मला एवढं म्हणता येणार नाही. त्यांच्याविषयी चार ओळी लिहायच्या म्हणून मी रोज बसते. पुढे सरकत नाही. म्हणून हीच गोष्ट लिहिते आहे. तीत ते त्यांच्या खऱ्या आकाराचे दिसतात.

मुलुंडहून आल्यावर दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासमोर उभी राहिले.

"सर, माईंचा वॉकर चुकीचा आहे."

"मिस सामंत, तो लेटेस्ट आहे."

"लेटेस्ट आहे. चारही चाकं फिरती आहेत. माई भार देतात तेव्हा तो निघून जातो."

त्यांनी कॅटलॉग उघडून माझ्यापुढे सरकवला. "हा म्हातारा बघा. किती आनंदात आहे."

"तो गालिच्यावर उभा आहे, सर. पायात बूट आहेत. आणि त्याच्या घराला उंबरठा नाही."

डॉक्टरांनी चित्र पुन्हा नीट बघितलं. एक गोष्ट खरी, त्यांना पराभव दिसायला वेळ लागत नसे.

"मग काय पाहिजे तुम्हाला?"

मला पाहिजे होतं ते साधं होतं. पुढे दोन चाकं, तीही सरळच जाणारी, गोल न फिरणारी. मागच्या दोन पायांना चाकं नकोत, रबरी टोपणं हवीत. माणूस भार देतो तेव्हा मागचे पाय जमीन धरतात. तो जरासा उचलून ढकलतो तेव्हा पुढची चाकं पळतात. म्हणजे वॉकर चालतो तो माणूस सांगेल तेव्हा. चाकं चांगली मोठी हवीत, कारण चाक जेवढं लहान तेवढा उंबरठा मोठा होतो. आणि उंची माईंची, दादांची नव्हे.

"असा कॅटलॉगमध्ये आहे?"

"नाही."

"मग बनवून घ्या," ते म्हणाले आणि कॅटलॉग बंद केला.

घाटकोपरला हॉस्पिटलच्या लोखंडी खाटा बनवणारा एक कारखाना होता. तिथल्या मालकाने माझं चित्र बघून विचारलं की ही खुर्ची आहे तर बसायचं कुठे. पण त्याने केला. दिसायला तो वॉकर अगदीच गरीब होता. काळा रंग, जाड नळ्या, सायकलच्या मुठी. दादांनी तो बघून एक उसासा सोडला. याला हार घालायचं कोणाच्या मनात आलं नाही.

माई मात्र त्याच्यात उभ्या राहिल्या आणि कोपरं बरोबर वाकली. आधी खोलीत, मग मधल्या उंबरठ्यावरून स्वयंपाकघरात, मग मागच्या दारापर्यंत. त्या शिकायला चांगल्या होत्या. मी काही सांगितलं की विचारायच्या, "का?" आणि कारण पटलं तरच करायच्या. संडासात बाळने भोक पाडलेला एक भक्कम लाकडी चौरंग आधीच नेऊन ठेवला होता, कारण खुब्यात खिळा असताना उकिडवं बसता येत नाही. सगळी तयारी झाली. एका सकाळी माई मागच्या दारातून बाहेर पडल्या, चौक ओलांडला, आत गेल्या, दार लावून घेतलं. कडी लावल्याचा आवाज आला. सुमतीवहिनींनी पदर डोळ्यांना लावला.

माई चौकातल्या नळावर पाय धुऊन परत मागच्या दाराशी आल्या, तेव्हा दारात दादा उभे होते.

"तो तिथेच राहू दे," ते म्हणाले.

"कोण?"

"वॉकर. तो संडासात जाऊन आला. स्वयंपाकघरातून कसा येईल?"

दादा विमा कंपनीत हेडक्लार्क. इंग्रजी पेपर वाचत, कचेरीत साहेबांबरोबर कांद्याचं आम्लेट खात, आणि मुलुंड स्टेशनवर उतरले की सोवळ्यात उतरत. संडासची बादली वेगळी, चपला वेगळ्या, त्या दाराबाहेरच राहायच्या. आता त्या चपलांच्या रांगेत वॉकर आला.

"मग माई आत कशा येणार?"

"मी आणि बाळ उचलतो ना."

त्यांनी उचललं. प्रेमाने उचललं, हे मान्य केलं पाहिजे. पण आता दारापर्यंत जायला उचला, दारातून यायला उचला. म्हणजे हाक मारणं आलं. म्हणजे मुलगे कचेरीतून यायची वाट बघणं आलं. आठवड्याभरात सुमतीवहिनींनी निरोप पाठवला की माईंनी दुपारचं पाणी परत बंद केलं.

मी गेले. बाळने तोडगा काढून ठेवला होता.

"सोपं आहे बाई. फॉरेनचा आतमध्ये, देशी बाहेर. दारात गाडी बदलायची. दादरला बदलतो तशी."

"दादरला तुम्ही दोन पायांवर बदलता," मी म्हटलं. "माई एका पायावर, उंबरठ्यात बदलणार. दुसरा खुबा तिथेच मोडेल."

"तोंडावर पाडता बाई तुम्ही," बाळ म्हणाला.

डॉक्टरांना सांगितलं, तर त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. "मिस सामंत, माझ्याही घरी संडासची बादली वेगळी आहे. मला हाडांचं विचारा."

त्या शनिवारी मी पुन्हा मुलुंडला गेले. माईंच्या मांडीचे स्नायू परत ढिले पडायला लागले होते. दादांशी बोलायचं म्हणून बरीच वाक्यं तयार करून नेली होती. ती कामाला आली नाहीत. दादांनी उचलून दाराबाहेर वॉकरपाशी ठेवल्यावर माई मागे जाऊन आल्या, नळावर पाय धुतले आणि वॉकरसकट मागच्या दाराशी येऊन थांबल्या. दादा उचलायला पुढे झाले.

"आई, हात सोड."

"नाही सोडत."

"असं काय करतेस? सोड ना."

"तू तिकडून आलास की काय करतोस रे?"

"काय करतो म्हणजे? पाय धुतो."

"आणि मग? पाय घेऊन आत येतोस, का चपलांपाशी ठेवून येतोस?"

बाळला हसू आलं. त्याने ते खोकल्यात घातलं.

"हे माझे पाय आहेत," माई म्हणाल्या. "माझे हात अडकलेत. तू धू."

दादा उभे राहिले. शास्त्रात याचा विचार कुठे आहे का, ते आठवत असावेत. मग ते आत गेले, पाण्याने भरलेला तांब्या घेऊन आले, खाली वाकले आणि वॉकरची पुढची दोन चाकं आणि मागचे दोन पाय एकेक करून धुतले. माई तोवर ताठ उभ्या होत्या. मग त्यांनी चाकं उंबरठ्यावर घेतली आणि स्वयंपाकघरातून, चुलीला वळसा घालून, आपल्या खाटेपर्यंत चालत गेल्या. दादांचं पुढे इमारतीत नाव झालं. आजकालच्या दिवसांत आईचे पाय धुणारा मुलगा, असं लोक म्हणत. दादांनी ते कधी नाकारलं नाही.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण लोखंडाला सोवळं कळत नाही. दिवसातून चार-पाच वेळा आंघोळ घातल्यावर महिन्याभरात वॉकरची चाकं गंजून करकरू लागली, आणि रबरी टोपणांत साठलेलं पाणी माईंच्या मागोमाग घरभर ठिबकू लागलं. दादा म्हणाले, "फॉरेनच्याला असं झालं नसतं." फॉरेनचा धुऊन बघितला. त्याच्या चाकांतल्या बारीक गोळ्या आठ दिवसांत जाम झाल्या. मग त्याच्यावर फळी टाकून रेडिओ ठेवला. त्या कामाला तो फार चांगला होता.

मी घाटकोपरला परत गेले. चाकांच्या आसांवर न गंजणारे पितळी बुश बसवले, टायर भरीव रबराचे घेतले, नळ्यांना ऑइलपेंटचे दोन हात दिले, आणि टोपणांना खाली भोकं पाडली, म्हणजे पाणी जिथल्या तिथे निघून जाईल. हे सगळं डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी माईंच्या कागदावरचं टॉनिक स्वतःच्या हाताने खोडलं. नंतर हॉस्पिटलसाठी तसेच आणखी वॉकर करून घ्यायला सांगितले, आणि एका परिषदेत त्यावर भाषण केलं. विषय होता भारतीय हवामान आणि चाकांचा गंज. मी श्रोत्यांत होते. हवामान त्यांनी फार छान समजावलं.

माई त्या वॉकरवर बरीच वर्षं चालल्या. भांडं माळ्यावर गेलं.

मी हे काम अजून करते. लोक येतात आणि पहिल्यांदा विचारतात, चाकं किती घ्यायची, दोन की चार. मी त्यांना बसवते. ज्याला चालायचंय त्याला विचारते, कुठे जायचंय. त्याच्या मुलांना उत्तर देऊ देत नाही. मग विचारते, परत येताना दारात कोण उभं असतं. चाकांचा विषय त्यानंतरचा, आणि त्यामानाने सोपा आहे.