नखालगतची कातडी

थोरलीने बावीस वर्षं दवाखान्याच्या लाँड्रीत ओल्या चादरी उचलल्या. अंगाने दणकट, तोंडाने त्याहून. मुकादमालाच म्हणायची, "गप बस, नाहीतर तुलाच पिळून वाळत घालीन." धाकटी जाऊही तिथेच. तिला थोरलीनेच हाताला धरून कामाला लावलेलं.

मग थोरलीचे हात वर जाईनात. चादर दोरीपर्यंत पोचेना. स्टुलावरून उठवायला दोन माणसं लागायला लागली. बोटांच्या पेरांवर लाल चट्टे, पापण्या सुजून जांभळ्या. मुकादम म्हणाला, "सोंगं पुरे झाली." सकाळी तिचे केससुद्धा धाकटीच विंचरून द्यायची.

लाँड्रीत बसून करायचं काम एकच, घड्या घालायचं. त्या खुर्चीवर सध्या धाकटी, कंबर दुखते म्हणून. पण थोरलीने आजाराचा कागद आणला, तर धाकटीला उठावं लागणार होतं.

डॉक्टर म्हणाले, शरीर स्वतःच्याच स्नायूंवर उलटलंय असं वाटतं. नखाच्या कडेच्या बारीक रक्तवाहिन्या बघितल्या की खरं काय ते कळेल. तपासणीच्या सूचनांचा कागद दिला. सुजल्या डोळ्यांना अक्षर लागेना, म्हणून धाकटीने वाचून दाखवला. उपाशी यायची गरज नाही. सोबत एक माणूस आणा. एवढंच.

आदल्या दिवशी धाकटी कात्री घेऊन बसली. "काय हे हात, जाऊबाई. डॉक्टरांपुढे असे नेणार?" दहाही बोटांची नखालगतची कातडी तिने सफाईने काढली. थोरलीला भरून आलं. "सख्ख्या बहिणीनेही एवढं केलं नसतं गं."

तपासणीवाल्या बाईने नखाच्या कडेवर तेलाचा थेंब टाकला नि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. एक बोट बघितलं, दुसरं, पाचवं. मग मान वर केली.

"कातडी कुणी कापली?"

"जावेने."

"आता सगळ्या जखमाच दिसतायत. त्यात दुखणं कुठलं आणि कात्रीचं कुठलं, काय सांगू? महिनाभर कातडीला हात लावू नका, हे कागदावर सगळ्यात वर लिहिलंय."

सोबत आलेली धाकटी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणाली, "नजरेतून सुटलं बाई."

थोरलीला आठवलं. वाचताना धाकटीचा अंगठा कागदाच्या वरच्या ओळीवरच होता. तेव्हा वाटलं, धरायला ठेवलाय.

महिन्याने परत तपासलं. चित्र साफ होतं. वाहिन्या फुगून वेड्यावाकड्या झालेल्या, मधेमधे काहीच नाही, नुसतं ओसाड. औषध सुरू झालं, कागद मिळाला. तो घेऊन ती मुकादमाकडे गेली.

"खुर्ची तुमच्या जावेला कायमची दिली, मागच्याच आठवड्यात," तो म्हणाला. "त्याच म्हणाल्या, तुमच्या तपासणीत काही निघालं नाही."

थोरली तिथून उठली, तिथल्याच दोघींनी उठवली, आणि थेट न्हाव्याकडे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी नेहमीसारखी फणी घेऊन दारात आली आणि तिथेच थबकली. थोरलीच्या डोक्यावर बोटभरसुद्धा केस नव्हते.

"हे काय केलंत, जाऊबाई?"

"जा, कामाला उशीर होईल," थोरली म्हणाली. "फणी तुझीच आहे. घेऊन जा."