गायरानातल्या छत्र्या

अळंबीची मला पहिल्यापासून धास्ती. हे कुणाला सांगायची मात्र सोय नव्हती, कारण सोलापुरातल्या एका कॉलेजात मी वनस्पतिशास्त्राची प्रात्यक्षिकं घ्यायची आणि बुरशी हा विषय नेमका माझ्याच गळ्यात मारलेला होता. मी पाहिलेली अळंबी सगळी बरणीतली. फॉर्मॅलिनमध्ये वर्षानुवर्षं बसून सगळ्यांना एकच चहाचा रंग आलेला. विषारी कोणती नि खायची कोणती, ते मी बरणीच्या नंबरावरून ओळखायची. मुलांसमोर मात्र असा आव आणायची, की जणू रोज सकाळी रानात जाऊन टोपली भरून आणते.

त्यामुळे पुढचं जे झालं त्यात दोष माझाच. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन पावसाळे झाले होते. श्रावणातल्या एका सकाळी आमच्या प्रयोगशाळेचा शिपाई हातातला काचेचा ट्रे टेबलावर आदळून माझ्यासमोर उभा राहिला.

"बाई, आईनं सकाळी न्ह्यारीला छत्र्या खाल्ल्या. गावाकडनं माणूस आलाय. हसालीया म्हनं, मधीच रडालीया. तुमी चला."

"मी येऊन काय करू? डॉक्टरकडे ने."

"गावातलं डॉक्टर बघून गेलं की. वकायला लावलं तिला. काय खाल्लंय ते कळल्याबगर औशद कुटलं देऊ म्हनाले. संध्याकाळपतोर उतरलं न्हाय तर सिव्हिलला न्या म्हनाले." मग त्याचा आवाज खाली आला. "बाई, आईचं एक हाय. पन चुलत्यानं माझ्या बायकोला दारात बसवलंय. तिनंच इख घातलं म्हनत्यात. तसं निघालं तर आजच्या गाडीनं माहेरी घालवनार, परत आनायची न्हाय म्हनत्यात."

त्याच्या लग्नाला सहा महिने झाले होते. बायको अक्कलकोटच्या पलीकडची, कानडी बोलणारी. तिच्याबद्दल बोलताना हा तिशीचा बाप्या कॉलेजात लाजायचा, ते मी पाहिलं होतं.

विभागप्रमुख पुण्याला गेलेले. ते असते तर मी त्यांच्याकडे बोट दाखवून मोकळी झाले असते, खोटं कशाला बोलू? भिंग, कोरे कागद आणि बुरशीचं जाडजूड पुस्तक पिशवीत कोंबलं आणि आम्ही वळसंगची एस.टी. धरली.

गाडीत मी एकच पान तीनदा वाचलं. जिवावर बेतणारी अळंबी पांढरी असते, तिचे बीजाणूही पांढरे. खाल्ल्यावर पहिला अर्धा दिवस माणसाला काहीच होत नाही, आणि मग यकृत जातं. शिपायाच्या आईला अर्ध्या तासात सुरू झालं होतं, एवढाच काय तो धीर. पण टोपलीत दोन-तीन जातींची सरमिसळ असली तर? पुस्तक परदेशी, चित्रं परदेशी, आणि ते वाचणारी शुक्रवार पेठेतल्या गल्लीत वाढलेली. शेजारी तो आईबद्दल सांगत होता. गावात कुणाला अळंबी सापडली की आधी तिला दाखवायची. ती बोटांनी उलटीसुलटी करणार, वारुळावरची तेवढी ठेवणार, बाकीची उकिरड्यावर. तिच्या हातून चूक होईल हे गावाला पटणं शक्य नव्हतं, म्हणून तर सगळं सुनेवर आलं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. सोप्यात घोंगडीवर बसून म्हातारी खांबावरून हात फिरवत होती. "मऊ झालाय गं ह्यो," म्हणाली आणि खुदकन हसली. मग भिंतीकडे बघता बघता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या झालेल्या. नाडी जोरात चालली होती, पण तिनं मला ओळख विचारली, गाव विचारलं.

सून उंबऱ्याच्या बाहेर, गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. हातांना भाकरीचं पीठ तसंच वाळलेलं. तिच्या शेजारी तिची पत्र्याची पेटी आणून ठेवलेली होती. अक्कलकोटची गाडी चारला होती.

चुलत्यानं मला आरोप नीट समजावून सांगितले. कालवण तिनं केलं, हा एक. आणि सासूला वाढून स्वतः खाल्लं नाही, हा दुसरा. मला असा संताप आला! सासूच्या आधी घास घेतला असता तर ह्याच माणसानं तिचे आईबाप काढले असते.

"तिनं छत्र्या आणल्या कुठून?" मी विचारलं.

"बांधावरच्या वारुळावरनं, म्हनाली की. आता खरंखोटं तिलाच ठावं."

सुदैवानं दुरडीत काही कच्च्या उरल्या होत्या. मी त्या कागदावर मांडल्या. बऱ्याचशा जाडजूड, खाली लांब मूळ असलेल्या, वारुळावरच्या. पण त्यांच्यात चार-पाच निराळ्या होत्या. सडपातळ, पिवळसर टोपीच्या, जिथे दाबल्या गेल्या तिथे निळसर डाग. दोन्ही जातींची एकेक टोपी देठापासून कापून कोऱ्या कागदावर पालथी ठेवली आणि वर वाट्या झाकल्या.

"त्यानं काय व्हतंय?" चुलता म्हणाला.

"बीजाणू खाली पडतात. रंगावरून जात कळते. दोन-तीन तास लागतील."

"वाटीखालनं भूत निघंल म्हना की."

अर्ध्या तासानं मला घाम फुटला, तो त्याच्या बोलण्यानं नव्हे. मी फक्त पांढरे कागद आणले होते. पांढरे बीजाणू पांढऱ्या कागदावर दिसणार कसे? पहिल्या वर्षाच्या मुलाला ज्या चुकीवरून मी वर्गाबाहेर काढलं असतं, तीच मी करून बसले होते. आता वाटी उचलायची सोय नव्हती. म्हातारी मधेच हसायची, शिपाई माझ्याकडे बघायचा, आणि दारातली ती पोर कुणाकडेच बघत नव्हती. मी मनातल्या मनात नवस बोलले. शास्त्र शिकवणाऱ्या बाईनं बोलू नये, तरी बोलले.

तीन वाजता पहिली वाटी उचलली. कागद कोरा. मग कागद उजेडाला तिरपा धरला, तेव्हा फिकट गुलाबी झाक दिसली. ही वारुळावरची, खायचीच. दुसरी वाटी उचलली. तिच्याखाली जांभळट काळ्या रेघा, चाकाच्या आऱ्यांसारख्या स्पष्ट.

"मरणाची नाही," मी जवळजवळ ओरडलेच. "नशेची आहे. भांगेसारखी चढते आणि उतरते. आता उतरायलाच लागली असेल. तरी सिव्हिलला दाखवून आणा, पण विष कुणी घातलेलं नाही."

चुलत्याचा चेहरा पडला. तिथं मी गप्प बसायला हवं होतं. पण पहिल्यांदाच बरणीबाहेरची अळंबी ओळखली होती ना! वर्गात बोलते तशी मी पुढं बोलत सुटले.

"आणि ही वारुळावर येतच नाही. शेणावर येते. गुरं चरतात तिथं, गायरानात."

दारातल्या पोरीची मान आणखी खाली गेली, आणि मी काय करून बसले ते मला कळलं. शेण गोळा करायला आदल्या संध्याकाळी गायरानात कोण गेलं होतं, हे त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक असणार.

"म्हंजे खोटं सांगिटलं," चुलता उठला. "वारुळावरनं म्हनं! आज छत्र्या, उद्या काय घालंल? काल गायरानात कोन गेल्तं?" त्यानं पेटीची कडी धरली. शिपायानं माझ्याकडे पाहिलं. तो मला बायकोला वाचवायला घेऊन आला होता, आणि तिच्याविरुद्धचा पुरावा मीच कागदावर मांडून दिला होता.

"मी गेल्ते."

म्हातारी बोलली होती. हात अजून खांबावर, डोळे अजून तसेच, पण नजर दिरावर.

"वैनी, तू?"

"व्हय. माज्या डोळ्याला दिसंना झालंय. चांगल्या वाटल्या, टाकल्या दुरडीत. वारुळावरच्याच हायत, चिर म्हनलं तिला. ती काय करंल?"

"अगं वैनी, तुला उटायला येत न्हाय, आनि..."

"मी गेल्ते म्हनलं की."

चुलत्यानं पेटीची कडी सोडली. म्हातारीनं भिंतीकडे तोंड फिरवलं आणि म्हणाली, "पोरी, आत ये. चुलीवर पानी ठेव. बाईंना च्या कर." सून उठली. पेटी उचलून ती माझ्याजवळून आत गेली.

संध्याकाळी म्हातारीला घेऊन आम्ही सिव्हिलमध्ये गेलो. तोवर नशा पुरती उतरली होती. डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतलं आणि सकाळी घरी सोडलं. बाहेरच्या बाकावर शिपाई मला हळूच म्हणाला, "आई चैतापासनं वेशीच्या भायेर गेली न्हाय, बाई. गुडघं गेल्यात." मग म्हणाला, "बायकोचं म्हननं, दिसल्या म्हनून घेटल्या. दुष्काळात तिच्या माहेराकडं दिसंल ते खायाचं, कुनी काय सोडत न्हवतं."

मला लाज वाटत होती. पुस्तक माझ्याकडे होतं, भिंग माझ्याकडे होतं, आणि शहाणपण त्या घोंगडीवर बसलं होतं. तेही नशेत. तिला ते फुकटात पडलं नाही. पुढच्या पावसाळ्यात गावातली एकही टोपली तिच्या दारात आली नाही, असं शिपाई सांगत होता. म्हातारीची नजर गेली, असं लोक म्हणायला लागले. तिनं ते कधी खोडून काढलं नाही.

उरलेल्या छत्र्या मी दुसऱ्याच दिवशी वाळवून विभागाच्या संग्रहाला लावल्या होत्या. नोंदीच्या चिठ्ठीवर कुठं मिळाल्या, कशावर उगवल्या होत्या, तारीख, हे सगळं भरलं. शेवटचा रकाना गोळा करणाऱ्याच्या नावाचा. तिथं मी म्हातारीचं नाव लिहिलं.

पुण्याहून परतल्यावर विभागप्रमुखांनी चष्मा वर करून ते वाचलं. "ह्या कोण? नोंद विश्वासाची आहे ना?"

"हो सर," मी म्हणाले. "त्यांनी स्वतः सांगितलंय."