सव्वाशे टक्के

मालकांबद्दल मी वाईट बोलणार नाही. चंद्रपूरकडच्या खेड्यातली, सातवीत शाळा सुटलेली, नवरा वारलेली बाई वसईत काम मागायला आली, तेव्हा तिला दारातून आत घेणारे तेच. आधी पॅकिंगला ठेवलं, मग माल मिसळायला शिकवलं. प्लास्टिकच्या बादल्यांच्या त्या कारखान्यात मी अकरा वर्षं माल मिसळते आहे. त्यामुळे त्यांनी आमच्यासाठी पेन्शनची योजना काढली तेव्हा मी मनातून हात जोडले. पगारातले थोडे आपले, तेवढेच मालकांचे, ते साठीपर्यंत वाढत राहणार. साठीनंतर मला गावी जायचं आहे. दोन खोल्या, वर पत्रा नको, स्लॅब हवा, आणि कोणाच्या चुलीपाशी ताट घेऊन बसायला नको. एवढंच या पैशावर टांगलेलं आहे. पण एवढंच म्हणजे माझं सगळंच की.

चीड आली ती फॉर्मची.

जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातले नवे साहेब गठ्ठा घेऊन आले. पैसे कुठे गुंतवायचे ते ज्याचं त्याने ठरवायचं, असं फॉर्मवर मोठ्या अक्षरात छापलं होतं. खाली तीन चौकोन होते. सरकारी रोखे, कंपन्यांचे रोखे, शेअर बाजार. प्रत्येकात किती टक्के ते लिहायचं. आणि तिन्ही चौकोनांत पेन्सिलीने आकडे आधीच भरलेले! सगळ्यांचे एकसारखे. शेअर बाजाराला पंच्याहत्तर.

"हे कोणी लिहिलं, साहेब?"

"मीच. तुम्हाला सोपं जावं म्हणून. मावशी, टेन्शन नका घेऊ, सगळ्यांचं सेम आहे. पेनाने गिरवा आणि सही करा."

माझ्या शेजारी पॅकिंगची अर्नाळ्याची बाई डबा खात होती. ती म्हणाली, "कालवनात मीठ किती ता पन तूच सांग आता." सगळे हसले. आणि हसत हसत सगळ्यांनी गिरवलं. तिनेही गिरवलं. आमच्यात असंच चालतं. ऑफिसचा कागद आला की पेन शोधायचं, वाचायचं नाही.

मी म्हटलं, मला कोरा फॉर्म द्या, घरी वाचते.

"वाचणार? तुम्ही?" साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. तेच मला जास्त लागलं.

सांडोरला मी ज्यांच्याकडे भाड्याने राहते त्या बाईंची केळीची बाग आहे. संध्याकाळी ओट्यावर बसून दोघींनी फॉर्म वाचला. त्यात एक प्रश्न होता, 'आपली जोखमीची भूक किती?' बाईंनी चष्मा काढून पुसला. "हे जेवायला बोलावतायत की घाबरवतायत गं?" शेवटी इंग्रजीत दोन बारीक ओळी होत्या. त्यांचा अर्थ दोघींनाही लागला नाही. त्या तेवढ्याच मराठीत का नव्हत्या, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

तीन दिवस विचार केला. शेअर बाजाराची मला भीती वाटते. पण मालक म्हणाले होते, पैसा नुसता झोपवून ठेवला तर बारीक होतो. म्हणून त्यातही चिमूटभर घालायचं ठरवलं. मी आकडे लिहिले: सरकारी शंभर, कंपन्यांचे वीस, शेअर पाच. पेनाने, नीट अक्षरात.

सोमवारी साहेबांनी तो फॉर्म सगळ्यांसमोर वर धरला. "सव्वाशे टक्के! मावशी, आमच्या वाटणीचं पण तुम्हीच घेणार का?" मशीनवरची माणसंसुद्धा हसली. माझे कान तापले. "राहू द्या, मी भरतो तुमचं," म्हणत त्यांनी पेन्सिल काढली.

ती पेन्सिल बघितली आणि माझी भीती गेली. मी भिंतीवरचा मिसळणीचा तक्ता काढून त्यांच्यापुढे ठेवला.

"हे वाचा, साहेब. प्लास्टिकचा दाणा शंभर, भुगा वीस, रंग पाच. किती झाले?"

"सव्वाशे. पण टक्के म्हणजे शंभरातले वीस, मावशी."

"इथे नाही. इथे शंभर किलो दाणा आधी घ्यायचा, बाकी त्याच्या वर. शंभरातले वीस धरून जुन्या बादल्यांचा भुगा घातला की जास्त होतो, आणि कडीजवळ तडा जातो. अकरा वर्षं मी असंच मोजते. तुमच्या कागदावर शंभरातच बसवायचं असतं, हे कोणी सांगितलं मला?"

त्यांनी त्या बारीक इंग्रजी ओळींवर बोट ठेवलं. तिथे सांगितलं होतं म्हणे.

मशीनवरचा माल ओतायचा हॉपर लहान असला की हाच माल एकूण शंभर किलोत बसवावा लागतो, ते मला तोंडपाठ आहे. मी तिथेच नव्या फॉर्मवर लिहिलं: ऐंशी, सोळा, चार. "करा बेरीज." त्यांनी मोबाइलवर केली. दोनदा केली.

आवाज ऐकून मालक बाहेर आले. सगळं ऐकून म्हणाले, "अगं, तो तुमच्या भल्यासाठीच करत होता ना?"

या माणसापुढे मी अकरा वर्षांत मान वर केली नव्हती. उद्या कामावर घेतलं नाही तर, हेही मनात येऊन गेलं. तरी मी म्हणाले, "भलं विचारून करावं, शेठ. म्हातारपण माझं आहे." ते माझा फॉर्म हातात घेऊन बघत राहिले, मग साहेबांकडे देऊन आत गेले. रागावले की पटलं, ते मला आजही ठाऊक नाही.

तेवढ्यात अर्नाळ्याची बाई हात पुसत आली. "साहेब, माझा पन परत दे. माझा मीच भरनार."

"तुमचा पेनाने गिरवून झालाय. खोडता येत नाही."

"मंग कोरा दे."

कोरा मिळाला. ती माझ्याच बाजूला बसली, बराच वेळ ओठ हलवत राहिली, आणि शेअर बाजाराच्या चौकोनात पन्नास लिहिले. अगं, पन्नास? जिभेवर आलंच होतं. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं.

मी तोंड मिटलं आणि तिला सहीची जागा दाखवली.