वहिनींनी बोळा काढला

वहिनींच्या तोंडी लागायला चरातलं पाणीसुद्धा कचरतं, असं मजुरांच्या टोळीतली माणसं म्हणत. पाठीमागे म्हणत, हे सांगायला नकोच.

गटाराचे पाइप पुरायचा धंदा त्यांच्या नवऱ्याने उभा केला होता. तो गेला, ठेकेदारी धाकट्या दिराकडे आली आणि वहिनींच्या वाट्याला पंप आला. चरात जमिनीखालून झिरपणारं पाणी दिवसभर उपसत राहायचं. धुराने, आवाजाने बाई कंटाळेल आणि घरी बसेल, असा दिराचा हिशोब होता. वहिनी पंपाशेजारी खुर्ची टाकून बसल्या त्या बसल्याच, आणि त्यांचा आवाज पंपाच्या वर चढायला शिकला.

टोळीची एक सवय होती. काम थांबलं की पाइपच्या दोन्ही तोंडांत गोणपाटाचे बोळे ठोकून बसवायचे, म्हणजे आत गाळ जात नाही. पंप चालू असेपर्यंत सवय चांगलीच. पण या गल्लीत कमरेएवढं खणलं की पाणी लागायचं, आणि त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पंपाचा पट्टा तुटला. नवा आणायला माणूस पळाला, तोवर चर भरू लागला. पाइपवर माती टाकायची बाकी होती आणि आत नुसती हवा. लांबलचक प्लास्टिकचा पाइप होडीसारखा अंग उचलू लागला.

दिराची पाचावर धारण बसली. पाइप वर आला तर खालची खडी सरकणार, सांधे उघडणार, उतार बिघडणार, म्हणजे सगळी ओळ पुन्हा उखडा. त्याने वाळूची पोती टाकायला लावली. ती पुरली नाहीत, तेव्हा चार धिप्पाड गड्यांना पाइपवर उभं केलं. पाइप त्यांनाही घेऊन डुलायला लागला. त्यातल्या एकाला हसू फुटलं आणि वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्या बाह्या सरसावून शिडी उतरू लागल्या. त्या काय करणार हे दिराने ओळखलं. आत पाणी शिरलं की पाइप जड होऊन बसेल, हे त्यालाही कळत होतं. पण दुसऱ्या दिवशी तपासणी होती आणि पाइपमध्ये गाळ दिसला तर साहेब काय म्हणेल, या धास्तीने तो गळाठला होता.

"वहिनी, बोळ्याला हात लावलात तर उद्यापासून कामावर येऊ नका," तो सगळ्यांदेखत म्हणाला.

वहिनींनी बोळा उपसून त्याच्या पायाशी फेकला. मग पाण्यातून वाट काढत दुसऱ्या टोकाचाही काढला. गढूळ पाणी घळघळ आत शिरलं आणि पाइप मुकाट खडीवर बसला. दिराने मात्र शब्द मागे घेतला नाही.

वहिनींना वाईट वाटलं, फार वाटलं. या कामात त्यांच्या नवऱ्याचा घाम होता आणि त्यांनाच केरासारखं बाहेर लोटलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी त्या खुर्चीत हजर. नवा पट्टा चढवला, पंप सुरू केला, चर कोरडा केला. त्यांना उठवायची हिंमत दिराला झाली नाही.

साहेबाने एका टोकाला दिवा धरायला लावला आणि दुसऱ्या टोकाला वाकून बघितलं. तळाशी थोडा गाळ होता, पण उजेडाचा गोल सरळ समोर दिसत होता. पाइपची ओळ तसूभरही बिघडली नव्हती. गाळ धुऊन काढा आणि माती टाका, एवढं सांगून तो निघून गेला.

दिराचा जीव भांड्यात पडला. तो पंपाजवळ आला, जमिनीकडे बघत काहीतरी पुटपुटला आणि उद्याही या, अशी हाताने खूण केली.

"काल मला सगळ्यांसमोर काढलंत," वहिनी म्हणाल्या. "आज सगळ्यांसमोर परत घ्या."

तो पुन्हा पुटपुटला. पंपाच्या आवाजात कोणालाच काही कळलं नाही. वहिनींनी हात लांब करून पंप बंद केला. गल्ली एकदम शांत झाली. हातातली फावडी थांबवून सगळी टोळी बघू लागली.

"आता बोला, भावजी," त्या म्हणाल्या. "लवकर बोला. खाली पाणी चढतंय."