मोहनभाऊंचा सत्कार

मोहनभाऊ मला पहिल्यांदा भेटले ते मुलुंडच्या एका म्युनिसिपल शाळेच्या फाटकाशी. मी फाटकावरून सरळ पुढे गेलो होतो, कोपऱ्यावर चपलेत खडा गेल्याचं नाटक केलं होतं आणि परत फिरलो होतो. समोरच्या पानाच्या गादीजवळ उभा असलेला एक उंच, वाळका म्हातारा रस्ता ओलांडून आला. "वर जा. पहिला मजला, शेवटची खोली. चपला काढू नको, आत देव नाय."

त्या खोलीत दारू सोडू पाहणाऱ्यांची बैठक भरते, हे मी फोनवर शोधून काढलं होतं. बैठक पार्ल्यातही होती, माझ्या घरापासून चालत जाण्याजोगी. पण पार्ल्यात मला लोक ओळखतात. तिथे माणूस पितो हे सगळ्यांना ठाऊक असलं तरी चालतं. सोडायला निघालाय हे कळलं की चर्चा होते.

फाटकावर नजर ठेवण्याचं काम मोहनभाऊंना कोणी दिलं नव्हतं. त्यांनीच ते घेतलं होतं. "एकदा गेला तो वाटसरू. परत फिरला तो आपला," हा त्यांचा सिद्धान्त. एकदा मुलासाठी ट्यूशन शोधणाऱ्या एका गृहस्थांना त्यांनी वर आणून बसवलं. गृहस्थ भिडस्त; सगळ्यांच्या कहाण्या ऐकून, चहा पिऊन, हात मिळवून गेले.

"अहो, त्यांना आधी विचारायचं तरी!" मी म्हणालो.

"विचारलं असतं तर तूपण ट्यूशनच सांगितली असतीस, मास्तर." मी कॉलेजात शिकवतो हे कळल्यापासून मी मास्तर झालो होतो. ते गृहस्थ पुढच्या आठवड्यात पुन्हा आले, आणि या वेळी ट्यूशनचं नाव काढलं नाही.

खोलीतला नियम कडक होता: आडनाव सांगायचं नाही आणि इथलं बाहेर न्यायचं नाही. आडनाव नसलं की मराठी माणसाची निम्मी चौकशी तिथेच थांबते, त्यामुळे आम्ही लवकर मुद्द्यावर येत असू. एकदा कोणी पाहुणे येऊन दृढनिश्चयावर लांबलचक बोलले. मोहनभाऊ शांतपणे म्हणाले, "निश्चय मी रोज करायचो, साहेब. बारमध्ये बसूनच करायचो."

त्यांचं आडनाव परब आहे, हे मला फ्लेक्सवरून कळलं. त्यांच्या सोसायटीत सत्यनारायणाच्या दिवशी दादा नावाच्या एका होतकरू पुढाऱ्यानं त्यांना शाल-श्रीफळ दिलं आणि शाळेच्या कोपऱ्यावर फ्लेक्स लावला: 'व्यसनमुक्तीचे दीपस्तंभ श्री. मोहन परब यांचा जाहीर सत्कार'. दीपस्तंभाचा फोटो बशीएवढा. हात जोडलेले दादा पुरुषभर उंच. दीपस्तंभ जहाजांना लांब ठेवण्यासाठी असतो, हे दादांना ठाऊक नसावं.

घडलं मात्र तसंच. मोहनभाऊ ज्याच्याशी बोलतील तो बेवडा, हे आता सगळ्या रस्त्याला कळत होतं. नवीन माणूस येईना. एक तरुण दोनदा वळून आला, पण मोहनभाऊ जवळ येताना दिसताच त्यानं रिक्षाला हात केला.

"गेला," मोहनभाऊ म्हणाले. "आता तो सरळ बारमध्ये जाणार रे."

"दादांना सांगा ना काढायला."

"सांगितलं. म्हणतो, काका, लाजता काय? नवरात्रात अजून मोठा लावतो!"

पुढच्या आठवड्यात, भर संध्याकाळी, मोहनभाऊ शर्टाची बटणं वरखाली लावून दादांच्या ऑफिसासमोर झोकांड्या खात उभे राहिले. दारूचा थेंब नव्हता. जुना सराव पुरला. मी रस्त्याच्या पलीकडे होतो. काहीही झालं तरी हात धरायला यायचं नाही, अशी मला ताकीद होती.

"ए दादा!" ते ओरडले. "माझ्या सत्कारात माझाच फोटो एवढुसा? ये भायेर!"

गर्दी जमली. लोकांनी फोन काढून शूटिंग केलं. सकाळी फ्लेक्स गायब होता.

त्याचबरोबर सोसायटीतला नमस्कारही गेला. लिफ्टमध्ये बायका पोरांना मागे ओढू लागल्या. मुलीच्या सासरी कोणीतरी तत्परतेनं तो व्हिडिओ पाठवला. खरं काय ते आमच्या खोलीबाहेर फक्त सुमनवहिनींना, त्यांच्या बायकोला, माहीत होतं.

"अब्रूची पार वाट लागली, मोहनभाऊ," मी म्हणालो.

"माझी अब्रू सेकंडहँडच होती रे. कितीशी किंमत येणार?" असं म्हणून ते गादीजवळ जाऊन उभे राहिले. पिणारा म्हातारा कोणाशीही बोलतो; त्यावरून समोरच्याची चर्चा होत नाही. थोड्याच दिवसांत माणसं पुन्हा फाटकाशी वळू लागली.

मोहनभाऊ यंदा गेले. हृदयविकारानं, झोपेत. आम्ही खोलीतले सगळे त्यांच्या घरी गेलो आणि ऑफिसातले लोक असल्यासारखे कोपऱ्यात बसलो. "दारूनंच खाल्लं शेवटी," शेजारी एकमेकांना सांगत होते. मला उठून काहीतरी बोलावंसं वाटत होतं.

तेवढ्यात दादा आले. वहिनींच्या समोर बसले. हातात फोन, मागे दोन कार्यकर्ते.

"काकी, मधे घसरले होते ते, आम्ही विसरलो. पण नंतर सोडली होती ना त्यांनी? तुम्ही फक्त हो म्हणा. श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावतो शाळेच्या कोपऱ्यावर. मोठा."

शेजारी ऐकत होते. नवऱ्याचं नाव धुऊन काढायला एक 'हो' पुरला असता. वहिनींनी पदरानं डोळे पुसले.

"नाय रे बाबा," त्या म्हणाल्या. "शेवटपर्यंत पीत होते."

दादा "अरेरे" म्हणाले आणि त्यांनी फोन खिशात घातला.